दोन्ही डावे

तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणत नाही. खोटं बोलायला आधी खरं काय ते ठाऊक असावं लागतं, आणि ते बघायची तसदी तुम्ही घेतलीच नाहीत. मॉलमधल्या त्या स्पर्धेत, दीड हात लांबीच्या अंतराळयानाच्या नमुन्यासमोर तुम्ही जेमतेम एक मिनिट उभे राहिलात. चष्मा कपाळावर ढकललात, शेजारच्या दोघांच्या कानात काहीतरी कुजबुजलात आणि पिवळ्या कार्डावर लिहिलंत: ‘छापील सांगाडा. हस्तनिर्मित गटातून बाद.’ खाली सही. तीही अशी की कुणाची आहे ते वाचता येऊ नये.

मी लिगाया. मारिकिनात, आमच्या बुटांच्या गावात, बावीस वर्षं बुटांची वरची कातडी शिवली. ज्याच्या यानावर तुम्ही ते कार्ड ठेवलंत तो हेनारो, आमच्याच कारखान्यात फर्म्यावर कातडं चढवायचा. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला कुया, म्हणजे दादा, म्हणते. सगळा कारखानाच म्हणायचा, मालकसुद्धा. फर्मा म्हणजे लाकडाचा पाय. त्यावर ओलं कातडं पकडीनं ताणायचं, तोंडात धरलेल्या चुकांपैकी, म्हणजे बारीक खिळ्यांपैकी, एक जिभेनं ओठावर आणायची, ठोकायची, पुन्हा ताणायचं. बुटाच्या टोकाशी कातडं गोळा होतं आणि सुरकुत्या पडतात. त्या पडू न देणं हेच सगळं कसब. कुयानं अडतीस वर्षं टोकाला सुरकुती पडू दिली नाही. आणि अडतीस वर्षं तोंडात चुका धरलेल्या माणसाला बोलायची सवय राहत नाही. तुम्ही विचारलंत, तो दोन शब्द बोलला, आणि तुम्ही त्याचा भलताच अर्थ काढलात.

कारखाना बंद झाला तेव्हा यंत्रं विकली गेली आणि फर्मे पाववाल्याच्या भट्टीत गेले. तो आठवडाभर आमच्या गल्लीत पान दे सालचे पाव विकत घ्यायला कुणाचा हात पुढे होईना. त्या ढिगातून कुयानं एक जोड उचलला, सात नंबरचा. बाकी त्याच्याकडे काय उरलं? पकड, कातडं कापायची रापी, कानस, टोचणीचं चाक, आणि डबाभर लेसच्या कड्या. जेवणाच्या सुट्टीत उरल्यासुरल्या तुकड्यांतून विमानं करायची खोड त्याला आधीपासून होतीच. मी म्हटलं, आता वेळच वेळ आहे, एखादं मोठं विमान कर. तो म्हणाला, विमानं खरी असतात, कुणीतरी येतो आणि सांगतो हे चुकलं, ते चुकलं. यानाबद्दल कोण काय सांगणार?

इथे मी दरवेळी हसते. रागानं हसते, तरी हसते.

त्याचं यान मासेमारांचं होतं. धूमकेतूंच्या मागे फिरायचं, बर्फाचे गोळे जाळ्यात धरायचे आणि जिथे पाणी नाही तिथे नेऊन विकायचे. आपल्या होड्यांना बाजूला बांबू असतात तशी याला दोन लांब पोटं, मध्ये पूल, पुलावर माणसांची खोली. पोटं त्या फर्म्यावर काढायची असं त्यानं ठरवलं. एक डाव्यावर, एक उजव्यावर, बुटांच्या जोडासारखी. पाट्या करणाऱ्याकडून पांढरा प्लॅस्टिकचा पत्रा आणला. तो कोळशाच्या शेगडीवर धरायचा, ओल्या कातड्यासारखा लुळा पडला की फर्म्यावर टाकायचा आणि थंड व्हायच्या आत पकडीनं ओढायचा. कातडं तुम्हाला अर्धा तास देतं. प्लॅस्टिक सात-आठ श्वास देतं. सव्वीस पत्रे वाया गेले, सत्ताविसावा बसला. टाचेकडे चीर देऊन त्यानं फर्मा बाहेर काढला आणि पोट माझ्या हातात दिलं. मी टोकावरून अंगठा फिरवला. सुरकुती नव्हती.

आता चूक कुठे झाली ते ऐका. चूक झाली, मी लपवत नाही.

आमच्या भाषेत डाव्याला कालिवा म्हणतात आणि उजव्याला कानान. दोन्ही ‘का’नंच सुरू. म्हणून फर्म्यावर नंबर कोरतात, पण डाव्या-उजव्याचं अक्षर कोरत नाहीत, खाच करतात. डाव्याला एक, उजव्याला दोन. बघायचीही गरज नसते, अंगठ्याला कळतं. आणि आमच्या कारखान्यात नियम असा की सकाळी सगळे डावे ओढायचे आणि जेवणानंतर सगळे उजवे. अडतीस वर्षं. कुयानं पहिलं पोट एका रविवारी चर्चमधून आल्यावर ओढलं, डाव्या फर्म्यावर. दुसऱ्याचे पत्रे वाया जाता जाता तीन महिने गेले, आणि ते जमलं तेही एका रविवारी, चर्चमधून आल्यावरच. फर्मे खिळ्यावर शेजारी-शेजारी टांगलेले. हात गेला तो डाव्याकडे. सकाळ होती ना.

मला कळलं तेव्हा दोन्ही पोटांवर पत्र्याचे जोड आखून झाले होते. टोचणीच्या चाकानं रिव्हेटांच्या रांगाही पाडून झाल्या होत्या. त्या चाकानं आम्ही टाक्यांच्या खुणा करतो, एका इंचात नऊ. मी दोन्ही पोटं शेजारी ठेवली आणि बघते तर दोघांची नाकं एकाच बाजूला.

“कुया, हे दोन्ही डावेच आहेत.”

त्यानं पोटं उचलून घेतली आणि दोघांच्या टोकांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, “सकाळी ओढला होता.”

“आणि पहिला?”

“तोही सकाळीच.”

मी हसले ते पोट धरून. आमच्याकडे नाचताना जोडीदाराच्या पायावर पाय देणाऱ्याला म्हणतात, याचे दोन्ही पाय डावे. कुया स्वतः त्यातलाच. जत्रेत माझ्या बहिणीबरोबर एकदा नाचला आणि ती दोन दिवस लंगडत होती. हे सगळं मी त्याला ऐकवलं. तो हसला नाही, रागावलाही नाही. नवं पोट कर म्हटलं तर ऐकेना. अकरा दिवस यानाला हात लावला नाही. बाराव्या दिवशी मी गेले तर उजव्या बाजूला पुढे एक जादा नळी बसवलेली, लेसच्या दोन कड्या एकात एक घालून केलेली.

“याला उजवीकडे वळायची खोड आहे,” तो म्हणाला. “तिकडून जरा फुंकर मारली की नाक सरळ राहतं. खलाशांना सवय झाली असेल आता.”

त्या दिवशी यानाला नाव मिळालं, पारेहोंग कालिवा, दोन्ही डावे. आणि खरं सांगते, त्या दिवसापासूनच ते यान झालं. तोवर ती दोन सुबक पोटं होती. पुढची दोन वर्षं तो त्या खोडीभोवतीच काम करत गेला. जाळ्याची आस एका बाजूला सरकवली. उजव्या पोटावर धुराची काजळी जास्त, कारण ती जादा नळी सारखी चालते. पोटांखाली बॉलपेनच्या रिकाम्या कांड्यांचे पाइप, फुटक्या घड्याळाची चाकं, चेनचे दात, आणि चुका, शेकडो चुका, डोकी घासून ओळीनं बसवलेल्या. रंगाचे पाच हात दिले आणि मग तोच रंग जागोजाग खरवडला, जिथे माणसाचा हात लागेल, जिथे दोर घासेल, तिथेच. खोलीच्या दाराबाहेर चपलांचा एक जोड ठेवला, तांदळाच्या दाण्याएवढा. तो मात्र एक डावा, एक उजवा.

हे यान तुम्ही एका मिनिटात छापील ठरवलंत.

मॉलच्या मधल्या चौकात टेबलं लावली होती. हस्तनिर्मित गटाचा नियम भिंतीवर होता आणि मी तो तीनदा वाचला होता. सांगाडा स्वतःच्या हातानं, कच्च्या मालातून केलेला हवा. यंत्रातून थरावर थर देऊन छापलेला चालणार नाही. हरकत असेल तर चार वाजेपर्यंत पुराव्यासह सांगावी, नाहीतर बाद झालेलं काम टेबलावरून उचलावं. कार्ड आलं तेव्हा तीन वाजून गेले होते. कुयानं ते वाचलं, घडी घातली आणि यानाचं खोकं टेबलाखालून ओढलं. पहाटे उठून केळीच्या पानात बांधून आणलेला भात आम्ही अजून उघडलाही नव्हता. मी म्हटलं, खोक्याला हात लावलास तर बघ. आणि तुम्हाला बोलवायला गेले.

तुम्ही आलात हे मान्य. आणि कारणंही सांगितलीत. टोकाला एकही सुरकुती नाही, तापवून ओढलेल्या प्लॅस्टिकला ती पडतेच. रिव्हेटांचं अंतर सगळीकडे सारखं, हातानं इतकं सारखं येत नाही. आणि दोन्ही पोटं एकाच बाजूला झुकलेली. छपाईत थर सरकला की असं होतं, असं तुम्ही दोघा परीक्षकांना शिकवल्यासारखं सांगितलंत. म्हणजे जे चांगलं झालं ते यंत्रानं केलं आणि जे चुकलं तेही यंत्रानंच. आमच्या माणसाला तुम्ही त्याची चूकसुद्धा ठेवली नाहीत.

कामाचे फोटो मागितलेत. फोटो नव्हते. बूट करताना फोटो कोण काढतं? मग तुम्ही म्हणालात, “फाईल दाखवा.”

कुयानं कमरेच्या पिशवीतून कानस काढून तुमच्या हातावर ठेवली. “ही अर्धगोल आहे, सर. चपटी घरी राहिली.”

लोक हसले आणि तुमचे कान लाल झाले. तुम्हाला वाटलं तो टिंगल करतोय. तो टिंगल करत नव्हता, आमच्याकडे फाईल म्हणजे कानसच. तुम्ही दम दिल्यासारखं म्हणालात की संगणकातली फाईल हवी. संगणक माझ्याकडे नाही, तो म्हणाला. यावर तुम्ही जे बोललात ते मी शब्द न शब्द लिहून ठेवलंय.

“मग तुम्हाला कुणी काढून दिली?”

तेव्हा पहिल्यांदा कुयाचा चेहरा बदलला. अडतीस वर्षं मालकाची बोलणी खाल्लेला माणूस, पण हे काम तुझं नाही असं त्याला कधी कुणी म्हणालं नव्हतं. त्यानं यान उलटं केलं आणि हातरुमालावर ठेवलं. मग मला म्हणाला, दारावरून रापी घेऊन ये. सकाळी दारावरच्या पहारेकऱ्यानं ती काढून घेऊन बिल्ला दिला होता. मी जागची हलले नाही. तो काय करणार ते मला कळलं होतं. पोटांच्या तळाच्या पट्ट्या उघडायच्या म्हणजे सगळे पाइप, सगळी चाकं, सगळ्या चुका उखडणार. दोन वर्षांचं काम त्या तळावरच होतं. नको म्हटलं. मेडल गेलं चुलीत, घरी चल म्हटलं.

“तळच आहे, गाया,” तो म्हणाला. “तळ बदलता येतो.”

पहारेकरी स्वतः रापी घेऊन आला. नियमाप्रमाणे मी शेजारी उभा राहणार म्हणाला, आणि राहिला, हात मागे बांधून, मिरवणुकीत पुतळ्याशेजारी उभा राहतात तसा. घड्याळात चारला वीस मिनिटं होती. कुयानं रापी टाचेकडून घातली, तळ तिकडूनच काढतात. पहिला कडकन् आवाज झाला तेव्हा चौकातली सगळी माणसं टेबलाभोवती आली. कांड्या तुटल्या, कड्या घरंगळल्या, चुका फरशीवर सांडल्या. आणि मग मी बघितलं की लोक खाली बसून त्या वेचतायत. ज्यांची स्वतःची यानं त्या टेबलावर होती, जे त्याच गटात त्याच मेडलसाठी आले होते, ते गुडघ्यांवर बसून एकेक चूक उचलून कुयाच्या रुमालावर आणून ठेवत होते. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

तळ निघाला. आत पांढरं, कोरं प्लॅस्टिक. तुम्ही वाकून म्हणालात, काही दिसत नाही. खरंच दिसत नव्हतं, पोट खोल होतं. तेव्हा पलीकडच्या टेबलावरचे डॉक्टर फेलिमोन पुढे आले. दातांचे डॉक्टर, हौस यंत्रमानव करण्याची. त्यांनी खिशातून दातात घालायचा तो छोटा आरसा काढला, दिवा धरला आणि आरसा पोटात घातला.

“सात,” डॉक्टर म्हणाले. “आत उलटा उमटलाय, आरशात सुलटा दिसतोय. सात नंबर. शेजारी एक रेघ. आणि ही वाकडी भेग कसली?”

“फर्म्याची,” कुया म्हणाला. “तो पडला होता एकदा.”

दुसरा तळ काढला. डॉक्टरांनी आरसा घातला आणि हसायलाच लागले. तोच सात, तीच एक रेघ, तीच वाकडी भेग. लोकांना एक रेघ म्हणजे काय ते मी सांगितलं, ओरडूनच सांगितलं. एक खाच म्हणजे डावा. मागून कुणीतरी यानाचं नाव पुन्हा वाचलं, पारेहोंग कालिवा, आणि मग ते हसू गर्दीतून वरच्या मजल्यावरच्या कठड्यापर्यंत गेलं. खाऊचे डबे हातात घेऊन माणसं तिथून वाकून बघत होती.

तुम्ही तरीही म्हणालात की असं कुणी मुद्दामही करू शकतं. डॉक्टर म्हणाले, हो ना, बंद पोटाच्या आत, कुणालाही कधी दिसू नये म्हणून. मग ज्याच्याकडे कधीच शब्द नसतो तो कुया बोलला.

“सकाळी डावे, जेवणानंतर उजवे, अशी आमची रीत, सर. मी दोन्ही सकाळी ओढले, म्हणून चुकलं. यंत्राला सकाळ कशी कळेल?”

तो इतकंच बोलला. मग तुमच्या बाजूला उभी असलेली ती तरुण परीक्षक, चौकडीच्या ड्रेसमधली, टेबलाला वळसा घालून आली. तिनं पोटात अंगठा घातला, डोळे मिटले आणि ती रेघ चाचपली. अंगठा बाहेर काढला आणि कुयाचा हात हातात घेतला, काजळीचा, डिंकाचा, नखाजवळ नुकताच कापलेला हात. “मानो पो,” म्हणाली आणि वाकून तो कपाळाला लावला. घरातल्या थोरल्याचा लावतात तसा. तिच्या कपाळावर काळा डाग उठला. तो तिनं पुसला नाही. बक्षीस समारंभभर ती तशीच मंचावर बसली होती, आणि तुम्ही तिच्या शेजारीच होतात, तेव्हा दिसला नाही असं म्हणू नका.

सुवर्णपदक त्यालाच मिळालं. निवेदकानं यानाचं नाव वाचलं तेव्हा सभा आधी हसली आणि मग उभी राहिली. यान टेबलावर उलटंच ठेवलं होतं, दोन्ही पोटं उघडी, आणि शेजारी रुमालावर वेचलेल्या चुकांचा ढीग. रांग लावून लोक आरशातून सात बघत होते. डॉक्टरांनी आरसा तिथेच ठेवून दिला, माझ्याकडे दवाखान्यात पुष्कळ आहेत म्हणाले. आम्ही भात खाल्ला तो त्या रांगेकडे बघत, पहारेकऱ्यालाही त्यातला दिला. इतका थंड आणि इतका चविष्ट भात मी आजवर खाल्लेला नाही.

निघताना कुया तुमच्याजवळ आला होता, आठवतं? तुम्हाला वाटलं, आता हा ऐकवणार. तो तुमच्या पायाकडे बघत होता. म्हणाला, “डावा तळ पुढून सुटतोय, सर. मारिकिनाकडे आलात तर आणा, लावून देतो.” ते टोमणा मारणं नव्हतं. त्याला सुटलेला तळ बघवत नाही.

त्यानं यानाला नवा तळ लावलाय. या वेळी पारदर्शक. पाइप, चाकं, चुका सगळं परत बसवलंय, पण मध्ये मोकळी जागा ठेवून, आतला सात दिसेल अशी. गेल्या महिन्यात मारिकिनातल्या बुटांच्या संग्रहालयानं ते मागून नेलं. दोन बुटांच्या मध्ये काचेत ठेवलंय आणि आमच्या गल्लीतली माणसं पाहुण्यांना ते दाखवायला नेतात. कुया जिंकला. त्याच्या मनात काही उरलेलं नाही.

माझ्या मनात आहे. कारण समारंभात तुम्ही माइक हातात घेऊन म्हणालात, “पुनर्विचारानंतर.” बस. कसला विचार आणि कसला पुनर्विचार, ते सांगितलं नाहीत. चुकलं म्हणाला नाहीत. पदक दिलंत, आळ मागे घेतला नाहीत. तुमच्या यादीत आजही त्याच्या नावापुढे लिहिलंय, ‘आधी बाद, नंतर पात्र.’ ती यादी पुढच्या वर्षीचे परीक्षक वाचतील आणि एखाद्या टोपलीवाल्याचं, सुताराचं, शिंप्याचं काम उचलून बघतील. ते जरा जास्तच सुबक निघालं की त्यालाही विचारतील, तुम्हाला कुणी काढून दिलं?

कुयानं चूक केली तर तिला नाव देऊन यानाच्या पाटीवर लिहिली आणि चारचौघांत मांडली. तुमची चूक कुठे लिहिली आहे?

ते पिवळं कार्ड या पत्रासोबत परत पाठवते आहे. त्याची मागची बाजू कोरी आहे. त्या दिवशी त्या यानात नेमकं काय बघून तुम्ही ‘छापील’ लिहिलंत, की यानाकडे न बघता त्या माणसाच्या हातांकडे बघून लिहिलंत? मागच्या बाजूला उत्तर लिहा. आणि या वेळी सही वाचता येईल अशी करा.